उन्हाच्या गावात साडेअकरा

रक्ततपासणीचा अहवाल हातात आला तेव्हा मी तो उलटा, म्हणजे शेवटच्या पानापासून वाचायला घेतला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात आधी एकूण गुण पाहायचे आणि मग आतली पाने उलटायची, ही तीस वर्षांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. शेवटच्या पानावर 'व्हिटॅमिन डी' या ओळीपुढे ११.५ हा आकडा ठळक छापलेला होता आणि त्याच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण. एकक नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तपासणी केंद्रातल्या मुलीने पेनाने रक्तदाब लिहिला होता, १५४/९६. जो आकडा वर असायला हवा तो खाली आणि जो खाली असायला हवा तो वर, असा तो अहवाल होता. मार्चचा दुसरा आठवडा होता आणि बाहेर नागपूरचे ऊन तापायला लागले होते.

साडेअकरा हा आकडा मला लागला, त्याचे कारण वैद्यकीय कमी आणि व्यावसायिक जास्त होते. मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत असे. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सव्वादोन अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य येथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यावर. त्या दिवशी माध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमध्ये महाविद्यालयाला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले, म्हणून शून्य सावलीचा हा प्रयोग मी सगळी नोकरी फळ्यावरच करून दाखवला, हे येथे कबूल करायला हरकत नाही. तरीही ज्या गावात उन्हाळ्यात पारा ४७ अंशांना शिवून येतो, त्या गावात जन्म काढलेल्या भूगोलाच्या शिक्षिकेच्या रक्तात उन्हापासून तयार होणारे जीवनसत्त्व इतके कमी निघावे, याची मला लाज वाटली.

थोडा विचार केल्यावर त्यात नवल काही उरले नाही. नागपुरात उन्हाळ्यात बायका एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, गाडीच्या नंबरवरून ओळखतात. सुती स्कार्फ कपाळापासून गळ्यापर्यंत असा गुंडाळायचा की फक्त डोळे उरतात, आणि त्या डोळ्यांवरही गॉगल. अंगात पांढरा सनकोट, हातांत कोपरापर्यंत मोजे, पायांतही मोजे. हा नखरा नसतो; एप्रिलमध्ये धरमपेठेतून सीताबर्डीला स्कूटरने जाताना झळ काय असते ते गेलेल्यालाच कळते. मात्र फेब्रुवारीत काढलेला सनकोट मी पावसाळा लागेपर्यंत वापरत असे आणि पुढे धुळीच्या निमित्ताने स्कार्फ बारमाही झाला. घरी आले की कूलर, खसची ताटी, आणि सकाळी दहापासून बंद केलेल्या खिडक्या. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामाचे नसते हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते, कारण ज्या किरणांमुळे हे जीवनसत्त्व तयार होते ते साध्या काचेतून जवळजवळ आत येतच नाहीत.

अंबाझरीला सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा माझ्या ओळखीचा एक गट आहे. तेथे मी दोन्ही आकडे सांगितले आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी जागच्या जागी निकाल दिला: "अहो ताई, हे दोन आजार नाहीतच, एकच आहे. डी भरून काढा, बीपी आपोआप उतरेल." ही गोष्ट खरी असावी असे मला फार मनापासून वाटले. रक्तदाबाची गोळी एकदा मागे लागली की जन्मभर राहते अशी धास्ती आपल्याकडे घरोघरी आहे. जीवनसत्त्वाची पुडी मात्र आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, दुधात घालून घ्यायची आणि विसरून जायची. औषधापेक्षा व्रतासारखीच ती वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडच्या प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. तेव्हा असा सुटकेचा रस्ता शोधणारी मी एकटी असण्याचे काही कारण नाही.

डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. एका मोजणीवर काही ठरत नसते असे सांगून त्यांनी आठ दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला लावले: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि मोजताना बोलायचे नाही. शेवटची अट मला जड गेली. सरासरी १४६/९२ आली. मी तीन महिन्यांची मुदत मागितली, आणि इतर काही जोखीम नसल्यामुळे त्यांनी ती दिली, पण अटींवर. मीठ कमी करायचे, रोज चाळीस मिनिटे चालायचे, आणि साठ हजार युनिटच्या पुड्या आठवड्यातून एक अशा आठ घ्यायच्या. पुड्या हाडांसाठी आहेत, रक्तदाबासाठी नाहीत, असे ते स्पष्ट म्हणाले होते. मी त्यातले पहिले ऐकले आणि दुसरे सोडून दिले.

सोडून द्यायला मला आधारही सापडला, आणि तो पोकळ नव्हता. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो; उन्हातील अतिनील-ब किरण त्यावर पडले की त्याचे रूपांतर ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात होते. पुढे यकृत त्यावर एक संस्कार करते, आणि रक्तात मोजतात ते हे यकृतातून निघालेले रूप. शेवटचा संस्कार मूत्रपिंडात होतो आणि तेथे ते खऱ्या अर्थाने कामाला लागते. आता योगायोग पाहा. रक्तदाब चढवणाऱ्या साखळीची पहिली कडी, रेनिन, हीसुद्धा मूत्रपिंडातूनच सुटते. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि दाब वाढतो. २००२ साली शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की ज्या उंदरांमध्ये ड जीवनसत्त्वाचा संदेश स्वीकारणारी यंत्रणाच काढून टाकलेली असते, त्यांच्यात रेनिन बेसुमार वाढते आणि त्यांचा रक्तदाब चढतो. म्हणजे हे जीवनसत्त्व रेनिनला लगाम घालते. उंदरांपुरते तरी हे पक्के होते.

भूगोलाच्या बाजूने तर पुरावा मला घरचाच वाटला. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा लोकसमूहांचा सरासरी रक्तदाब वाढत जातो, हिवाळ्यात तो उन्हाळ्यापेक्षा जास्त असतो, आणि गडद त्वचेचे लोक उत्तरेकडच्या देशांत राहायला गेले की त्यांच्यात तो अधिक आढळतो. या तिन्हींच्या मुळाशी अतिनील किरण आणि ड जीवनसत्त्व असावे अशी मांडणी अमेरिकेतील स्टीफन रोस्टँड यांनी १९९७ मध्ये केली. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतील एक छोटा प्रयोग आला. सौम्य उच्च रक्तदाब असलेल्या अठरा जणांपैकी काहींना अतिनील-ब आणि काहींना अतिनील-अ किरणांखाली आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ठेवले. पहिल्या गटाचे ड जीवनसत्त्व भरपूर वाढले आणि रक्तदाब वरचा-खालचा दोन्ही सहा अंकांनी उतरला. दुसऱ्या गटात काही झाले नाही. २००७ मध्ये अमेरिकेतील परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दोन मोठ्या पाहण्यांतून असे निघाले की ज्यांची पातळी १५ च्या खाली होती त्यांना पुढील चार वर्षांत उच्च रक्तदाब जडण्याचा धोका ३० च्या वर असलेल्यांच्या सुमारे तिप्पट होता. मी साडेअकरावर होते. हे वाचून मला वाईट वाटण्याऐवजी आनंद झाला, हे आता आठवून हसू येते.

पुड्या सुरू झाल्या. मी सकाळी चालू लागले, जेवणातले पापड बंद केले, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. वरचा दाब मार्चअखेरीस १४२, एप्रिलच्या मध्यावर १३८, आणि मेच्या शेवटी, ऐन नवतपात, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, रक्तदाब १३०/८२. मी वहीत तांबड्या पेनाने त्याखाली रेघ मारली आणि अंबाझरीच्या गटाला सांगितले. बँकवाले काका म्हणाले, "बघा!"

माझी भाची येथल्याच मेडिकलला जनआरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते. ती सुट्टीच्या दिवशी जेवायला आली तेव्हा मी ती वही तिच्यापुढे ठेवली. तिने पाने चाळली, बाहेर पांढऱ्या पडलेल्या अंगणाकडे पाहिले आणि म्हणाली, "मावशी, तू भूगोल शिकवायचीस ना? हा मे महिना आहे."

ती काय म्हणते आहे ते मला एका क्षणात कळले आणि मी गप्प बसले. उन्हाळ्यात रक्तदाब उतरतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी रुंदावतात, घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात, आणि रक्तवाहिन्यांतला दाब कमी होतो. नागपुरातल्या अनुभवी डॉक्टरांना हे पाठ असते. लघवी वाढवणारी गोळी घेणारे वृद्ध एप्रिल-मेमध्ये उठताना चक्कर येते म्हणून येतात, आणि त्यांची मात्रा पावसाळ्यापर्यंत कमी करावी लागते. हिवाळ्यात तीच माणसे दाब वाढला म्हणून परत येतात. अर्थात ही मात्रा डॉक्टरांनीच कमी-जास्त करायची असते, घरच्या घरी नव्हे. मी मार्चमध्ये सुरुवात केली होती. पुड्या, चालणे, मिठाची कपात आणि नागपूरचा उन्हाळा या चारही गोष्टी एकाच वेळी चालू झाल्या होत्या, आणि त्यांतली जी मला आवडत होती तिला मी सगळे श्रेय देऊन टाकले होते. शिवाय पहिली मोजणी मुळात जास्त आली म्हणून तर मी दवाखान्यात गेले होते. जास्त आलेली कोणतीही मोजणी पुन्हा घेतली की बहुधा थोडी खालीच येते, त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

"मग याची शहानिशा कशी करायची?" मी विचारले.

शहानिशा केव्हाच झालेली होती, आणि पुष्कळदा. ज्यांना आपण काय घेतो आहोत हे माहीत नाही अशा लोकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करायचे, एकाला जीवनसत्त्व द्यायचे, दुसऱ्याला तसेच दिसणारे काहीतरी, आणि दोघांचा रक्तदाब मोजत राहायचे. उन्हाळा आला तर दोघांनाही येतो, मीठ कमी केले तर दोन्हीकडची माणसे सारखीच करतात. २०१३ साली स्कॉटलंडमधील १५९ वृद्ध रुग्णांना, म्हणजे जेथे ऊन खरोखरच दुर्मीळ अशा देशात, दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट असे वर्षभर देऊन पाहिले; दाब हलला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत पाचशेहून अधिक लोकांवर सहा महिने केलेल्या चाचणीत रोज चार हजार युनिट आणि रोज चारशे युनिट घेणाऱ्यांमध्ये काही फरक आला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रियात उच्च रक्तदाब आणि कमी ड जीवनसत्त्व हे दोन्ही असलेल्या, म्हणजे अगदी माझ्यासारख्या, दोनशे जणांवर चाचणी झाली. तिचाही निकाल तोच. आणि ४६ चाचण्यांमधील ४,५४१ माणसांची आकडेवारी एकत्र करून, तीही २०१५ मध्येच, निष्कर्ष निघाला की रक्तदाब उतरवण्यासाठी ड जीवनसत्त्व देण्यात अर्थ नाही. पुढे २५,८७१ लोकांची पाच वर्षांहून अधिक चाललेली 'व्हायटल' ही मोठी चाचणी झाली, तिच्यात रोज दोन हजार युनिट घेऊनही हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत.

भाची प्रामाणिक आहे. विरुद्ध बाजूचे तिने लपवले नाही. ज्यांच्या जनुकांमुळेच जन्मभर ड जीवनसत्त्वाची पातळी थोडी जास्त राहते अशा लोकांचा उच्च रक्तदाबाशी काय संबंध आहे हे २०१४ मध्ये सुमारे दीड लाख लोकांच्या माहितीवरून पाहिले गेले, आणि पातळीतील दर दहा टक्के वाढीमागे उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे आठ टक्क्यांनी कमी दिसली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांवरील एका चाचणीतही वरचा दाब थोडासा, तीन-चार अंकांनी, उतरला होता. तेव्हा दार अगदी बंद झालेले नाही. ते किलकिले आहे. पण त्या फटीतून अंबाझरीच्या काकांची खात्री आत येत नाही.

मग २००७ मधली ती तिप्पट कोठून आली? या प्रश्नाने मला पुढचे कित्येक दिवस गुंतवून ठेवले, आणि उत्तर शोधायला मला आकडेवारीच्या पुस्तकाकडे जावे लागले नाही. माझी ड पातळी कमी होती, कारण मी घरात बसत होते. मी घरात बसत होते म्हणून चालत नव्हते. चालत नव्हते म्हणून कंबर वाढली होती, आणि हे जीवनसत्त्व चरबीत मुरत असल्याने कंबर वाढली की रक्तातली त्याची पातळी आणखी उतरते. कंबर वाढली की रक्तदाबही चढतो. वयाबरोबर कातडीची हे जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता घटते आणि वयाबरोबर धमन्या ताठरही होतात. मूत्रपिंड थकले तर ड जीवनसत्त्वाचा शेवटचा संस्कार मंदावतो आणि रक्तदाबही वाढतो. आजारी माणूस तर उन्हात जातच नाही. माझा साडेअकरा हा माझ्या दिनक्रमाचा हजेरीपट होता. हजेरीपटावर नंतर पेनाने 'हजर' लिहिले तर मुलाने न ऐकलेला तास त्याला समजत नाही.

आईच्या गच्चीची आठवण मला याच दिवसांत येऊ लागली. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर एप्रिल-मेमध्ये वाळवण असे. पहाटे चुलीवर गव्हाचा चीक शिजे, उजाडता उजाडता बाजेवर जुने धुवट लुगडे अंथरून कुरड्या घातल्या जात, मग मुगवड्या, खारोड्या, उडदाचे पापड. कावळ्या-चिमण्यांची राखण आम्हा मुलांकडे, आणि उन्हे चढल्यावर पापड उलटायला आई आणि काकू स्वतः वर येत, डोक्यावर फक्त पदर आणि हात कोपरापर्यंत उघडे. हे काम दीड-दोन महिने चाले. त्या बायकांना ड जीवनसत्त्व हा शब्द माहीत नव्हता आणि त्याची उणीवही बहुधा नसावी. पण आईला पंचावन्नाव्या वर्षी उच्च रक्तदाब निघालाच. मी या जुन्या आठवणीकडे हळवी होऊन पाहत होते तेव्हा हे आठवले आणि हळवेपणा आवरता घ्यावा लागला. पापडात मीठ आणि पापडखार, खारोडीत मीठ, ताकात मुरवलेल्या मिरच्यांत मीठ, लोणच्यात तर विचारूच नका. पापडखार हाही शेवटी सोडियमचाच क्षार. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नव्हे इतके, मीठ सांगितले आहे. आमच्या घरी ते दुपारच्या पंगतीतच संपत असणार. गच्चीवरच्या उन्हाने आईला जे दिले असेल ते वाळवणातल्या मिठाने परत घेतले, असे मी भाचीला म्हटले, तेव्हा ती म्हणाली की हेही सिद्ध झालेले नाही. हल्ली तिच्याशी बोलणे कठीण झाले आहे.

उन्हाचा आणि रक्तदाबाचा संबंध मात्र सर्वस्वी खोटा ठरत नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच वाटते. एडिंबरा येथील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २४ निरोगी लोकांच्या कातडीवर अतिनील-अ किरण सोडले. या किरणांनी ड जीवनसत्त्व बनत नाही, आणि त्या लोकांच्या रक्तातही ते वाढले नाही. तरीही रक्तदाब थोडा वेळ किंचित उतरला. कारण असे की कातडीत नायट्रिक ऑक्साइडचे साठे असतात. किरणांनी ते सुटे होऊन रक्तात येते आणि रक्तवाहिन्या सैल करते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी याच वायूच्या जोरावर काम करते. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील तीन लाखांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा तापमानाचा हिशेब वजा केल्यावरही, जेथे अतिनील किरण जास्त तेथे वरचा दाब थोडा कमी, असे दिसले. म्हणजे रोस्टँड यांनी नकाशावर पाहिलेला उतार खरा असू शकतो आणि त्याचे त्यांनी दिलेले कारण अपुरे. ऊन गुणकारी ठरले तरी त्याचा गुण पुडीत बांधता येतोच असे नाही. अर्थात यावरून उठून कोणी उघड्या अंगाने उन्हात बसावे असेही नाही. कातडीच्या कर्करोगाचे भय उजळ त्वचेच्या देशांत मोठे आहे, आणि आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी उष्माघात गाठतो.

आता कोवळ्या उन्हाविषयी. सकाळचे कोवळे ऊन घ्यावे, असे आपण बाळाच्या तेल लावण्यापासून ऐकत आलो आहोत. ते ऊन सुखाचे असते यात शंका नाही, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर तिरपा ओलांडावा लागतो आणि त्यात अतिनील-ब जवळजवळ सगळे गळून जाते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन या कामाचे, असा एक साधा ठोकताळा आहे. तिरुपतीच्या संशोधकांना अकरा ते दोन ही वेळ उत्तम आढळली. आमच्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्य हे किरण अडवते, म्हणून आम्हाला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि नागपुरात मे महिन्यात भर दुपारी घराबाहेर पडू नका, असे प्रशासन दरवर्षी बजावते, तेही योग्यच. तेव्हा येथे उन्हाचा खरा हंगाम उन्हाळा नसून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे, आणि वेळ, साडेअकरा. अहवालातला तोच आकडा असा घड्याळात पुन्हा भेटला तेव्हा मी भाचीला दाखवला; तिला त्यात काही विशेष वाटले नाही.

पुड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी त्या आठवड्याला एक याऐवजी रोज एक अशा घेतल्या, आणि संपल्यावर पुन्हा स्वतःच आणल्या. दीड-दोन महिन्यांनी त्यांना मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान आणि गुंगी सुरू झाली; तपासले तर रक्तातले कॅल्शियम फार वाढलेले. ते रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी थायझाइड जातीची गोळी घेत होते, आणि ही गोळी लघवीतून जाणारे कॅल्शियम अडवून ठेवते, त्यामुळे भर पडत गेली. कॅल्शियम असे वाढले की रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब उलट चढतो. मूत्रपिंडालाही इजा होते. ज्या औषधाने रक्तदाब उतरेल म्हणून त्यांनी हात सैल सोडला, त्यानेच तो चढवला. आठवडाभर त्यांना भरती राहावे लागले. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतेक वाहून जातात. हे चरबीत साठते आणि महिनोन्महिने ठाण मांडून बसते.

पातळी किती असावी याबद्दलही तज्ज्ञांचे एकमत नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेतील एका समितीने हाडांसाठी २० पुरे म्हटले, दुसऱ्या संस्थेने २०११ मध्ये ३० हवेत म्हटले, आणि त्याच संस्थेने २०२४ मध्ये ३० ची रेघ पुसून निरोगी प्रौढांची सरसकट तपासणीच नको असे सांगितले. माझा साडेअकरा कोणत्याही रेघेच्या खालीच होता, त्यामुळे पुड्या घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. ऑगस्टमध्ये पातळी ३६ झाली. गुडघे आणि पाठ पूर्वीइतकी दुखत नाहीत, पण तेही चालण्यामुळे असेल. आता मी कशालाच पटकन श्रेय देत नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली, स्वेटर निघाले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस वहीत पुन्हा १४६, १४८, १४४ असे आकडे पडू लागले. ड जीवनसत्त्व तेव्हाही ३३ होते, म्हणजे मार्चच्या जवळजवळ तिप्पट. मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी काही बोलून दाखवले नाही आणि एम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. मी तीन आठवड्यांपासून ती रोज सकाळी चहाच्या आधी घेते.

२२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, भाची आली होती. आम्ही दोघी संत्री सोलत गच्चीवर बसलो होतो. नागपूरचा माध्यान्ह घड्याळात बारा वाजून बारा मिनिटांच्या आसपास येतो, आणि या दिवशी सूर्य येथे क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे वर्षभरातली माध्यान्हीची सर्वांत लांब सावलीसुद्धा माणसाच्या उंचीच्या आतच राहते. फळ्यावर हे गणित मी कितीदा केले असेल. प्रत्यक्ष कधी मोजून पाहिले नव्हते. मी अनवाणी ताठ उभी राहिले. तिने सावलीच्या टोकाला खडूने खूण केली आणि टेप लावला. माझी उंची १५६ सेंटीमीटर. सावली १५४ भरली.

"मार्चमधलं तुझं वरचं बीपी," ती म्हणाली.

मी बाह्या वर सारून आणखी दहा मिनिटे तेथेच बसले. खाली आल्यावर पाच मिनिटे न बोलता खुर्चीत पाठ टेकवली, मग वहीत नोंद केली, १३४/८४, आणि समासात बारीक अक्षरांत, ऊन.